उजेडाकडं धरलेलं कापड

आबा, कापड उजेडाकडं धरल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मला याचं उत्तर माहीत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, विचारायचं राहूनच गेलं.

माधवनगरच्या गिरणीत मी तुमचा डबा घेऊन यायची. एकदा तुमच्या मागावरचं ठाण पाहून मी म्हणाले, "लय झ्याक हाय." तुम्ही रागावलात. "झ्याक काय हाय त्ये समद्यांस्नी दिसतंय. काय चुकलंय त्ये बघ." मग कापड खिडकीशी धरलंत, आणि एकसारख्या वाटणाऱ्या विणीत एक विरळ पट्टा दिसला. तुम्ही तिथं खडूनं खूण केलीत. शेजारचा कामगार हसला, "आवं, सोताच्याच मालाला नावं ठेवतायसा व्हय?" तुम्ही कापड पुढं सरकवून पुन्हा उजेडाकडं धरलंत.

आता मी सांगलीत एका शेती कार्यालयात आकडेमोड करते. घरातली पहिली पदवीधर, म्हणून आई शेजारणींना अजून माझ्या खुर्चीचं वर्णन ऐकवते. उसाला पाण्याच्या किती पाळ्या दिल्या आणि एकरी ऊस किती निघाला, हे शेताशेतावरून गोळा करून मी त्यातून सरळ रेघ काढली. जास्त पाणी, जास्त ऊस. रेघ इतकी छान बसली की सरांनी शेतकऱ्यांसाठी पत्रकच लिहायला सांगितलं : पाणी वाढवा. मसुदा छापखान्यात गेला, आणि मला तुमची खिडकी आठवली. प्रत्येक शेतातला ऊस रेघेच्या अंदाजापेक्षा किती वर किंवा किती खाली, तेवढा फरकच मी दुसऱ्या आलेख-कागदावर मांडला. रेघ खरी असती तर ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे कसेही पडले असते. पण त्यांची कमान झाली. कमी पाण्याची शेतं खाली, मधली वर, भरपूर पाण्याची पुन्हा खाली. मूळ आकडे परत पाहिले, तर सगळ्यात जास्त पाळ्या दिलेल्या शेतांत ऊस खरंच घटत होता. कृष्णाकाठच्या, जादा पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या, खारावलेल्या जमिनी माझ्यासमोर उमटल्या होत्या, आणि माझ्या सुबक रेघेनं त्या झाकल्या होत्या. आबा, मी त्या कागदाला हात जोडले.

कागद दाखवला तर सर म्हणाले, "बाई, रेघ बसलीय की. उरल्यासुरल्याचं काय घेऊन बसलाय?"

खरं सांगते, त्यानंतर दोन दिवस मी तो कागद खणात दडवून ठेवला. रेघ माझीच होती, तिच्यावर खूण करायला हात धजेना. आज सकाळी छापखान्यात जाऊन मसुदा परत आणला. 'पाणी वाढवा'वर लाल पेन्सिलीनं खूण केली, ठिपक्यांचा कागद त्याला टाचला, आणि सर यायच्या आत त्यांच्या टेबलावर ठेवून दिला.