गाडी वसईला थांबलीच पाहिजे

रविवार, ४ ऑगस्ट २००२

ठरलं! गुजरातकडून कोकणात जाणारी गाडी वसईला थांबलीच पाहिजे – येताना आणि जाताना. आचोळ्याच्या शाळेत सभा झाली. प्रवासी संघाचे सचिव सुधाकरराव पाऊण तास बोलले. मुद्दा दोन मिनिटांचा! गाडी आपल्या नाकासमोरून सुसाट निघून जाते आणि आपण बोचकी घेऊन दादर गाठतो.

माझं कारण मी सभेत सांगितलं नाही. आई कणकवलीजवळ गावात एकटी आहे. गुडघे पार गेलेत. बाबा गेल्यापासून मी तिच्या मागे लागलेय, इकडे येऊन राहा म्हणून. तिचं एकच – "दादरचो जिनो माझ्याच्यान चढाक होवचो नाय. गाडी वसईक थांबली तर मी येतंय आणि रवतंय."

शब्द दिलाय तिने. आता मी सोडत नाही.

११ ऑगस्ट

आजची सभा म्हणजे मासळीबाजार! कामण-चिंचोटीच्या भाजीवाल्या आल्या होत्या. त्यांच्यातली जिजा उभी राहिली आणि थेट सुधाकररावांना – "तुमची एक्सप्रेस फलाटावर उभी र्‍हायली का आमची सकालची पॅसेंजर भायेर रोखून धरतील. बाजार उठल्यावर आमची भाजी कोन घेईल? तुमी?"

सुधाकरराव म्हणाले, "विकासासाठी थोडं सोसावं लागतं." "मंग तुमी सोसा!" अख्खी सभा हसली. मीही हसले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फितूर!

१२ ऑगस्ट

झोप नीट लागली नाही. जिजाचं खरं आहे. माझंही खरं आहे.

१८ ऑगस्ट

चिंचोटीला गेले. धबधबा बघायला आलेल्या पोरांनी रस्ता भरलेला. जिजाच्या ओट्यावर बसून चहा झाला, मग भांडण, मग पुन्हा चहा. शेवटी म्हटलं, आपण अर्जातच घालू – आधी तुमची पॅसेंजर आत, ती रिकामी झाली की मग आमची गाडी. एक्सप्रेस थांबेल बाहेर दहा मिनिटं. काय बिघडतं?

जिजाने कप खाली ठेवला. "आनि तुमचे लोक ऐकतील?"

"ऐकवते."

निघताना तिने पिशवीत दोडकी कोंबली. पैसे घेईना.

१९ ऑगस्ट

सुधाकररावांना ऐकवलं. "पॅसेंजरसाठी एक्सप्रेस थांबवायची? जयवंतीताई, जगात असं कुठे होत नाही!" म्हटलं, जगाचं मला माहीत नाही, वसईत होईल. तणतणले. पण वाक्य अर्जात घातलं. मी जिंकले!

२९ ऑगस्ट

रेल्वेचं पत्र आलं! साहेब स्वतः येऊन दोन्ही बाजू ऐकणार. १२ सप्टेंबर, सकाळी अकरा. सुधाकररावांनी लगेच होकार कळवला, संध्याकाळी पेढे वाटले. म्हणाले, "पाचशे माणूस उभा करतो!" टाळ्या. सगळ्यात जोरात माझ्या.

७ सप्टेंबर

अरे देवा!

मंगळवारी गणपती. बारा तारखेला म्हणजे सगळे गावाला! कोकणात जायला गाडी मागणारे झाडून सगळे कोकणात! एकानेही कालनिर्णय उघडून पाहिलं नाही. एरवी आम्हाला गणपतीची तारीख वर्षभर आधी पाठ असते, तिकिटासाठी. मीसुद्धा पेढा खाऊन घरी आले!

सुधाकरराव जिन्यात भेटले, डोक्यावर ट्रंक. "ताई, घरचा गणपती आहे हो... तुम्ही आहात ना इथे?" आहे. आमच्या पोस्टातल्या दोघी आधीच रजेवर, मला मिळाली नाही. आमचे हेही रात्रीच्या एसटीने निघाले. जाताना म्हणतात, "तू एकटी पुरेशी आहेस त्या साहेबाला." चेष्टा सुचतेय!

तारीख बदला म्हणून रेल्वेला फोन केला. "आता पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. नको. मी जाणार.

१२ सप्टेंबर

आजचं लिहायलाच हवं.

हॉलमध्ये खुर्च्या शंभर, आमच्या बाजूला मी. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचे लोक कुठे आहेत?"

"गावाला. गणपतीला."

"म्हणजे पोहोचतात की सगळे. मग गाडी कशाला थांबवायची?"

शिपायासकट सगळे हसले. माझे कान तापले. म्हटलं, साहेब, कसे पोहोचतात ते विचारा. आणि जे पोहोचू शकत नाहीत, इकडे येऊ शकत नाहीत, त्यांचं काय? मग आईचं सगळं सांगितलं – गुडघे, जिना, एकटं घर. भर हॉलमध्ये रडू आलं. येऊ दिलं.

तेवढ्यात दारात गलका. जिजा! बरोबर पंधरा-वीस बायका, डोक्यावर रिकाम्या पाट्या. साहेब म्हणाले, "तुम्ही विरोधी बाजूच्या ना? तिकडे बसा." जिजा सरळ माझ्या बाजूला येऊन बसली. "हिनं आमची गाडी आदी घेतलीय. मंग हिची गाडी आमी का अडवायची? थांबू द्या तिला." बाकीच्याही बसल्या. आमची बाजू भरली.

साहेबांनी काही कबूल केलं नाही. पण अर्ज दोनदा वाचला.

२२ सप्टेंबर

सुधाकरराव परतले. "आपण साहेबांना चांगलंच पटवलं!" आपण!! गावचं गोड खाजं आणलं होतं म्हणून मी सोडून दिलं.

शनिवार, १ फेब्रुवारी २००३

मिळाला! वसईला थांबा – सहा महिन्यांसाठी, आधी पॅसेंजर, मग एक्सप्रेस. पोस्टात ओरडलेच! येताना जिजाला बाजारात गाठून सांगितलं, तिने भर रस्त्यात मिठी मारली. मधली खोली आईला. कॉट खिडकीशी सरकवली, नवी चादर घातली. तिला फोन उद्या, तिच्या शेजारच्या मास्तरांकडे.

२ फेब्रुवारी

आईला फोनवर सगळं सांगितलं. तर म्हणाली, "गाडी काय थांबाची नाय, म्हणान तसा बोललंय गे मी. ह्या घर सोडून मी खंय येतंय? आता थांबता मा? मग तूच ये."