वाइनच्या गावात पाण्याचे पेले

बाई, गेल्या आठवड्यात मी एका दारू बनवणाऱ्या घरी जेवून आले. तुम्ही असतात तर रागावण्याआधी काय वाढलं होतं ते विचारलं असतंत, म्हणून तेच आधी सांगते. लसूण आणि खारवलेले बारीक मासे ऑलिव्हच्या तेलात, मंद आचेवर अगदी विरघळेपर्यंत शिजवलेले. ते मातीचं भांडं टेबलाच्या मधोमध, खाली मेणबत्ती, आणि सगळ्यांनी कोबीची पानं, भोपळी मिरचीचे तुकडे त्यात बुडवून खायचे. एकाच भांड्यात सगळ्यांचे हात. उष्ट्याखरकट्याचा विचार मनात आला होता, पण त्या वासापुढे टिकला नाही. इटलीच्या वायव्येला पिएमोन्ते म्हणून प्रांत आहे, त्यातल्या लांगे टेकड्यांमधलं हे जेवण. समुद्र डोंगरापलीकडे, म्हणून मासे पूर्वी मिठात घालून पिंपांतून यायचे, आपल्याकडे घाटावरच्या बाजारात सुकट येते तसे.

तिथे मी हौसेनं गेले नव्हते. लेक लायडनला एका प्रयोगशाळेत काम करते. तिथल्याच एका इटालियन मुलाशी तिला लग्न करायचं आहे, आणि त्याच्या घरचा पिढीजात धंदा वाइनचा. दारूच्या पैशावर चालणाऱ्या घरात मुलगी देऊ नका, हे मी किती गावांत ओरडून सांगितलं ते तुम्ही ऐकलं आहे. नेदरलँड्सला आल्यावरही थांबले नाही. इथल्या मराठी मंडळात मी माइक हातात घेतला की आयटीतली पोरं आपापले ग्लास खुर्चीखाली सरकवतात. लेकीनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "आई, तू आधी बघून ये, मग नाही म्हण. पण तिथे भाषण नको, प्लीज. ट्रान्सलेट मलाच करावं लागेल."

मुलाच्या आईनं आम्हाला आपल्या छोट्या गाडीतून गावं दाखवली. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एक गाव, गावाला घंटेचा मनोरा, उतारावर द्राक्षं आणि खालच्या अंगाला हेझलनटची झाडं. एका ठिकाणी नुसत्या अंड्यांच्या बलकात मळलेल्या, आपल्या शेवयांसारख्या बारीक पट्ट्या खाल्ल्या, दुसरीकडे हेझलनटचा केक. शेजारच्या गावात त्या लसणीच्या तेलात दूध घालतात, हे तिनं कुणाची तरी मुलगी पळून गेल्याची बातमी सांगावी तसं आवाज खाली आणून सांगितलं. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

गाडीत सारखी आपली दारूबंदीची फेरी आठवत होती. मी कॉलेजात, डोक्यात नुकती वाचलेली पुस्तकं, जिभेवर निखारे. आणि तुम्ही सभेआधी थेट भट्टी लावणाऱ्या बाईच्याच घरात शिरलेल्या. चुलीपाशी पाटावर बसला आहात. ती भाकरी थापते आहे, तुम्ही तिच्या पोरांची चौकशी करता आहात. मी उंबऱ्याबाहेर वाक्यं घोकत उभी. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "आत ये. जिच्या घरचं पाणी तुला चालत नाही, तिला तू काय सांगणार?" मी आत आले, पिठलं-भाकरी खाल्ली. संध्याकाळी चावडीवर तुम्ही दारूवर अशा तुटून पडलात की माणसं माना खाली घालून बसली, आणि ती बाई पुढेच बसून शेवटपर्यंत ऐकत होती.

तर त्या टेबलावर माझ्यापुढे पेला आला, तेव्हा मी त्यावर पंगतीत धरतात तसा हात आडवा धरला. आपल्याकडे हात आडवा धरला की वाढणारीला आणखी जोर चढतो. मी त्या आग्रहाचीच वाट बघत होते, उत्तर तयार होतं. आग्रह झालाच नाही. मुलाच्या आईनं लेकीला काहीतरी विचारलं, उठली, खास आमच्यासाठी सकाळीच उघडून ठेवलेली बाटली उचलली, मुलापुढचा पेला काढून घेतला, स्वतःचाही, आणि सगळ्यांना पाणी ओतलं. मुलानं तोंड वाकडं केलं तसं त्याला खरमरीत काहीतरी ऐकवलं. लेक हसू दाबत म्हणाली, "एकीनं पाणी प्यायचं आणि बाकीच्यांनी वाइन, हे त्यांच्या टेबलावर चालत नाही म्हणे. आणि त्याला सांगितलं, पाणी पिऊन कुणी मरत नाही."

जेवताना ती आपणहून बोलली. बाटलीपायी बसलेली घरं या टेकड्यांवरही आहेत, तिच्या काकाचं त्यातलंच एक. द्राक्षांवर जगणाऱ्या बाईनं हे परक्या पाहुणीला सांगावं! माझी तयार वाक्यं मी पाण्याबरोबर गिळली आणि पाव त्या भांड्यात बुडवला.

माझं मत बदललेलं नाही, बाई. दारूनं काय होतं ते मी पाहिलं आहे आणि मंडळात पुन्हा बोलणार आहे. पण विरोध ज्याला करायचा त्याच्या ताटाशी बसता येणं, हे मला तुम्ही दिलंत. ते नसतं तर मी फाटकातूनच माघारी फिरले असते, आणि लेक मला पुन्हा कधी काही दाखवायला घेऊन गेली नसती. तुमचे उपकार आहेत, आणि ते आता इथे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नच्या माझ्या स्वयंपाकघरात बसून मानते आहे.

हे पत्र मी तुमची परवानगी मागण्यासाठी लिहायला घेतलं होतं. तुम्ही गेल्यावर ते पाठवायला पत्ता नाही, आणि मागण्यासारखंही काही उरलेलं नाही. जेवणानंतर अंगणात लेक माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. विचारायचा धीर तिला होत नव्हता. मी म्हटलं, "कर लग्न." तुम्हाला विचारायला थांबले नाही.