तुम्ही घेतलेला माझा तास

बाबा,

कॉलेजची स्मरणिका निघते आहे आणि निवृत्त प्राध्यापकांवरची पानं माझ्या गळ्यात पडली आहेत. तुमचं पानही मीच लिहिलं. कोंढा गावच्या शेतमजुराचा मुलगा, घरातला पहिला शिकलेला, भंडाऱ्यात भूगोलाचा प्राध्यापक, मग विभागप्रमुख. पोरांना घेऊन वैनगंगेच्या पात्रात उतरणारे आणि उशिरा येणाऱ्याला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं करणारे. सगळं खरं आहे, तरी वाचताना शोकसभेतल्या भाषणासारखं वाटलं. त्या एका दिवसाबद्दल त्यात ओळ नाही. तेव्हाच्या प्राचार्यांचंही पान त्याच अंकात आहे आणि त्यांच्या पानावर मी ‘शिस्तप्रिय’ असा शब्द घातला आहे. हसू नका.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची ती वर्षं. तुम्ही निवृत्त झाला होतात आणि मी तुमच्याच विभागात शिकवत होते. इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही रोज कॉलेजच्या लायब्ररीत पेपर वाचायला यायचात. पण त्या साली तुमचं काहीतरी बिनसायला लागलं होतं. एकदा बाजारातून परतताना तुम्ही आपली गल्ली सोडून आपल्या जुन्या भाड्याच्या घराशी जाऊन उभे राहिलात. तिथल्या नव्या भाडेकरूंनी तुम्हाला चहा पाजला आणि ऑटोत बसवून घरी आणून सोडलं. ही गोष्ट कॉलेजात पोचली आणि कुजबूज सुरू झाली. स्टाफरूममध्ये कोणीतरी डोक्याशी बोट फिरवायचं आणि मी आत आले की बोट खाली जायचं. अशी चीड यायची मला! ज्या माणसानं सगळं आयुष्य डोक्याच्या जोरावर उभं केलं, त्याच्या डोक्याबद्दल एकदा अशी आवई उठली की मागचं सारं पुसलं जाणार, ही भीती मी रोज डब्यासोबत घेऊन निघत होते.

आणि मग तो दिवस. बाहेरून तपासणी समिती येणार आहे, प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात फायली लावायला बसवलं आहे. तास झाले काय, न झाले काय, कोणाला पडलेली नाही. शिपाई येऊन माझ्या कानाशी लागतो, “मॅडम, तुमच्या वर्गावर मोठे सर गेले. शिकवून राहिले ना!” आपण निवृत्त झालो हेच तुम्ही विसरलात, दुसरं काय? फाईल तशीच टाकून मी धावले.

मागच्या दारातून पाहिलं. तुम्ही फळ्यावर जिल्हा काढला होता, तुमच्या पद्धतीनं, खडू न उचलता. पण तो जुना, अख्खा भंडारा जिल्हा होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, हा इकडचा भाग तर आता गोंदियात गेला.” तुम्ही फळ्याकडे बघत राहिलात. खडू हातात तसाच. आता सगळ्यांसमोर उघडं पडणार असं वाटलं. मग तुम्ही वळलात. “बरोबर आहे. आता मले सांग पोरी, चुलबंद नदी कुठून येते?” तिला सांगता येईना. गोंदियाच्या डोंगरात तुम्ही टिंब दिलंत आणि तिथून साकोली, लाखांदूर करत रेघ खाली वैनगंगेला आणून मिळवलीत. “कलेक्टर कुठं बसते, हे मी शिकवून नाही राहिलो. पाणी कुठून येते, ते शिकवून राहिलो.” वर्ग खळखळून हसला. मी गुपचूप मागच्या बाकावर टेकले.

तेवढ्यात पुढच्या दारात प्राचार्य. तुमचाच जुना विद्यार्थी. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “सर, बाहेर या. तुम्ही रिटायर झाले, लक्षात आहे ना?” हसू जागच्या जागी विरलं. तुम्ही शांतपणे त्यांच्याकडे पाहिलंत. “तास सुरू झाला आहे. उशिरा आला तू. बाहेर उभा राह्य.”

आणि बाबा, तो माणूस उभा राहिला! दोन पावलं मागे सरून, हात पुढे बांधून, भिंतीला टेकून. आपण काय केलं हे उमजलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला, पण आता हलावं तरी कसं, साठ डोळे त्यांच्यावर होते. घंटा झाली तेव्हा ते निघून गेले. त्याचा वचपा संध्याकाळी निघाला. मला केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, सरांची तब्येत बरी नाही. उद्यापासून त्यांना आत सोडू नका, असं मी गेटवर सांगितलं आहे. घरी तुम्हीच समजवा, नाहीतर तिथं तमाशा होईल.”

सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही तयार होऊन दारात उभे. “बाबा, आज कॉलेजात नका जाऊ.”

“काहून?”

“तुमचे तास नाहीत आता.” यापेक्षा बरं वाक्य मला सुचलं नाही.

तुम्ही भडकलात. “मी रिटायर झालो हे भुललो, असं वाटते का तुले? पोट्टे रिकामे बसून होते वर्गात. मी विचारलं, मॅडम कुठं गेल्या? तर म्हणे फायली लावून राहिल्या. मग काय मी पेपर वाचत बसू?” मग आवाज उतरला. “तू मांगं येऊन बसली, ते दिसलं मले. थांबवलं काहून नाही?”

“तुमचा मान राहावा म्हणून,” मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत, चपला काढून ठेवल्यात आणि पुन्हा कधी कॉलेजकडे फिरकला नाहीत. पुढे तुम्ही खरोखरच विसरू लागलात, शेवटी मलाही, आणि मग खरं सांगायला माणूसच उरलं नाही. हे स्मरणिकेत देता येणार नाही आणि तुम्हाला तर कुठल्या पत्त्यावर पाठवणार?

मान वगैरे मला नंतर सुचलं, बाबा. आपल्याच मुलीला आपल्या वर्गात बसवलं तर लोक मार्कांवरून बोलतील म्हणून तुम्ही मला शिकायला नागपूरला धाडलंत. भंडाऱ्यातली निम्मी पोरं तुमच्या हाताखालून गेली, मी नाही. त्या बाकावर बसले तेव्हा तुम्ही भानावर आहात की नाही, याचाही मला विसर पडला होता. घंटा होऊ नये, एवढंच वाटत होतं.