वाडीचं पाणी

बुधवार, संध्याकाळ

रविवारी सकाळी ग्रामसभेत मी हात वर केला. कातकरवाडीतली काही घरं येशूची प्रार्थना करायला लागली, म्हणून त्यांचं नळाचं पाणी तोडायचा ठराव होता. आधी माझा हात खालीच होता. शेजारचा दत्तू हसला, "काय रं भाऊ, हात जड झालाय?" सगळे वळून बघायला लागले, आणि माझा हात वर गेला.

काल त्याच घरांतली सोनी दारात आली. पूर्वी आमच्या शेतात भातलावणीला यायची, हल्ली खारघरला बांधकामावर जाते. "भाऊ, नळ बंद हाय. पोरीला ताप हाय. पानी कुठून आनू?" हंडा भरून दिला, पण हात वर केल्याचं सांगितलं नाही. आज देवाला स्नान घालताना त्याच हाताची लाज वाटली. बहुमताने झालं म्हणून हे बरोबर कसं?

विरोध लिहून देतो म्हटलं, तर बायको म्हणाली, "लेकीचा लगीन पुढच्या महिन्यान हाय. गावानं वाळीत टाकला तर मांडवान कोन येल?" लिहितानाही बाहेर कुणाची चाहूल लागली की थांबतो.

तरी दुपारी पंचायतीत गेलो. माझा या ठरावाला विरोध आहे, वाडीचं पाणी सोडावं, असं पूर्ण नावानिशी लिहून दिलं आणि पोच घेतली.