अडकलेली तबकडी आणि प्रल्हादची गिटार

मी, भागिरथाबाई भ्र. कै. जानराव बोडखे, वय ५२, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, मारोतीरायाला स्मरून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांनी लिहायचं नसतं.

१. राहतं घर, परसातल्या लिंबासकट, मुलगा प्रल्हाद यास. अट खाली कलम ४ मध्ये आहे. ती वाचल्याशिवाय आनंद करू नये.

२. पोस्टातल्या शिलकेतून माझी तेरवी करावी. जेवणात बुंदी करू नये. दीर ग्यानबा भाऊजी पंगतीत कमी खातात आणि धोतरात जास्त बांधून नेतात.

३. पितळी घंगाळ ग्यानबा भाऊजींना. तेवीस वर्षं ते त्यांच्याकडेच आहे, मी फक्त कागद करून देते.

४. विजेवर वाजणारी गिटार. ही प्रल्हादची असून सध्या माळ्यावर तुरीच्या पोत्यांशेजारी माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली आहे. ती तिथं का आहे, हे कागदावर यावं म्हणून लिहिते.

प्रल्हादनं मुंबईत स्टुडिओत बसून लाँगप्ले तबकडी काढली. नाव ‘ढेकूळ’. पाकिटावर त्याचा फोटो, केस खांद्याच्या खाली. न्हाव्याचे पैसे वाचवले, तेवढा माझ्यावर गेला. मुंबईच्या एका पेपरात कोणी लिहिलं की पोरानं गोऱ्या साहेबाची नक्कल केली, यात आपलं काहीच नाही. प्रल्हाद तो कागद खिशात घालून तबकडी घेऊन गावी आला. म्हणाला, “आई, गावाले ऐकवतो. गाव सांगीन काय ते.”

मारोतीच्या पारावर भोंगेवाल्या उदयसिंगनं तबकडीचं यंत्र मांडून भोंगा लावला. नवी वस्तू कुंकवाशिवाय वापरत नाहीत. मी तबकडीला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नारळाचं पाणी शिंपडलं आणि पदरानं पुसली. नीट पुसली. तरी दुसऱ्या गाण्यात सुई अडकली आणि ‘ट्यांव ट्यांव डुगडुग, ट्यांव ट्यांव डुगडुग’ तेवढंच वाजत राहिलं.

भजनी मंडळाचे उकंडराव मृदंग घेऊन बसलेच होते. त्यांनी ठेका धरला. मंडळी ‘रामकृष्ण हरी’ म्हणू लागली. बाया टाळ्या पिटू लागल्या. प्रल्हाद ओरडला, “उकंडकाका, सुई अडकली! हे गाणं नाही!”

“मंग पुढं कायले नेतं बाबू? जमून राह्यलं!”

ग्यानबा भाऊजी म्हणाले, “याच्यापेक्षा आमच्या पत्र्यावर खडे टाकले असते, फुकटात झालं असतं.” ते बोलणं मी विसरलेले नाही. घंगाळाच्या वर त्यांना काही मिळणार नाही.

वीज गेली तेव्हा भजन थांबलं. प्रल्हादनं गिटार माझ्या हातात दिली. “तिकडं म्हणतात आपलं काही नाही, इकडं अडकली तेवढीच आवडली. ठेव माळ्यावर.” तेव्हापासून तो मुंबईत कापडाच्या गोदामात पावत्या फाडतो. दोन दिवाळ्या झाल्या, घरी आला नाही. कुंकवाबद्दल माझं मत आजही तेच आहे. दर दसऱ्याला विळा-कुऱ्हाडीच्या पंक्तीत गिटारीचीही पूजा करते, तिचं काही बिघडलेलं नाही.

आता जे कोणाला माहीत नाही ते. तबकडीला दुसरी बाजू आहे. ती मी उदयसिंगच्या घरी दुपारी एकटीनं ऐकली. शेवटच्या गाण्यात गिटार कण्हते, थांबते, पुन्हा कण्हते. ते आमच्या विहिरीवरच्या मोटेचं चाक आहे. प्रल्हाद लहानपणी बापाच्या मोटेवर सोंदूर, म्हणजे मोटेची बारीक दोरी, धरून बसायचा. चाकाला तेल घाला म्हटलं की हे म्हणायचे, “राहू दे, बैल चालून राह्यले त्या आवाजावर.” पेपरवाल्यास विचारावं, साहेबाकडे आमच्या जानरावांची मोट कुठून आली?

सबब अट अशी: माझ्या तेरवीला कीर्तन ठेवू नये. प्रल्हादनं पारावर बसून ‘ढेकूळ’च्या दोन्ही बाजू गिटारीवर स्वतःच्या हातानं वाजवाव्या. मधे वीज गेल्यास पंगत थांबवावी. तो न वाजवील तर घर ग्यानबा भाऊजींना जाईल, आणि ते त्यात पहिल्याच आठवड्यात म्हैस बांधतील. प्रल्हादनं डोळ्यांपुढं आणून पाहावं.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायची रीत आहे. ती मला परवडत नाही. याची नक्कल आजच रजिस्टरनं प्रल्हादला मुंबईस धाडली आहे. बाबू, येत्या दिवाळीत येऊन तू वाजवलंस तर हा कागद चुलीत घालीन. तेरवीचा खर्चही सध्या वाचेल. या वेळी कुंकू गिटारीला लावीन, तारा सोडून.

ठिकाण रिठद, दिनांक ६ ऑक्टोबर १९७६.

सही: भागिरथाबाई जानराव बोडखे

साक्षीदार:
उदयसिंग, भोंगेवाले. सही. भाडं घेणार नाही.
उकंडराव, भजनी मंडळ. सही. त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं: “दोन्ही बाजू ऐकू. पण प्रल्हाद, ते अडकलेलं दोनदा घेजो.”