म्हणणं एका वाक्यात

बाई, तुम्ही शिकवलंत तसंच मी कर्जतच्या कॉलेजात निबंध शिकवते, पण एका ठिकाणी मी बदल केला आहे आणि तो तुम्हाला सांगायचा राहिला. फळ्यावर विषय लिहिला की आधी मुलांना तो फोडायला लावते. कोणता शब्द काय मागतोय? ‘वर्णन करा’ म्हणजे डोळ्यांपुढे उभं करायचं, ‘चर्चा करा’ म्हणजे दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं, आणि मधे ‘की’ असला तर निवडायचं, तिथे पळवाट नाही. मग आपलं म्हणणं एका वाक्यात. ऐकणाऱ्याला ‘मला नाही पटत’ असं म्हणता यावं, इतकं ते ठाम हवं. इथपर्यंत सगळं तुमचंच आहे.

मला हे तुम्ही रागावून शिकवलंत. मी नववीत होते, खालापूरला तालुक्याची निबंध स्पर्धा होती आणि विषय आधीच कळवला होता, ‘आमच्या परिसरातील कारखाने: शाप की वरदान’. मी सरावाचा निबंध गाइडमधल्यासारखा लिहून आणला. ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ इथून सुरुवात आणि ‘योग्य वापर केल्यास वरदानच’ इथे शेवट. शिक्षकांच्या खोलीत तुम्ही तो उभ्याउभ्याच वाचलात. “हा कोणीही लिहिला असता,” म्हणालात. “परिसर कोणाचा? शाप कोणाला, वरदान कोणाला? तुझ्या घरातलं माणूस रोज त्या कारखान्यात जातं, आणि तुझ्या निबंधात एकही माणूस नाही.” तुम्हाला ठाऊक होतं की आदल्या वर्षी बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं यंत्राच्या रुळांत गेली होती. कारखान्यानं त्यांना काढलं नव्हतं, गेटवर बसवलं होतं. आमच्या घरी गेटच्या कामाबद्दल उपकाराच्या सुरात बोललं जायचं, बोटांबद्दल कोणी बोलत नसे. तुम्ही माझ्यापुढे कोरा कागद सरकवलात आणि एकच वाक्य लिहायला सांगितलंत. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शाळा बंद करायची वेळ आली तेव्हा कागदावर होतं: ‘या कारखान्यानं आमच्या घराला जेवण दिलं, पण संरक्षक जाळी नसलेल्या यंत्रापुढे माणसं उभी केली, म्हणून मी त्याला वरदान म्हणणार नाही.’ हे तुझं म्हणणं आहे ना, असं तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. तेव्हा तुमच्या किंवा माझ्या मनात दुसरा काही प्रश्न आला नाही.

माझा पहिला नंबर आला. बक्षीस समारंभात निबंध वाचून दाखवायचा होता, आणि प्रमुख पाहुणे त्याच कारखान्याचे मॅनेजर आहेत हे आपल्याला सभागृहात शिरल्यावर कळलं. बाबा ड्यूटीवरून थेट आलेले, अंगावर कारखान्याचा गणवेश, मागच्या रांगेत बसलेले. मी माइकपुढे उभी आहे. शेजारच्या खुर्चीत मॅनेजर कौतुकानं हसताहेत. मी तुमच्याकडे बघते, तुम्ही मान हलवता. मी वाचायला लागते आणि ते वाक्य येतं. वाचून वर बघते तर मॅनेजर हसतच आहेत, पण त्यांची नजर समोरच्या रांगांवरून फिरतेय, ही कोणाची मुलगी ते शोधत. आणि बाबा उठून उभे राहतात. कोणी बोलावलेलं नसताना. मी उरलेला निबंध वाचून संपवेपर्यंत ते तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांना सांगण्यात आलं, तूर्त घरी थांबा, कळवतो. निबंधाबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. बाबा रोज सकाळी वेळेवर अंघोळ करून, गणवेश घालून ओट्यावर बसायचे. आई भाकरी थापताना माझ्याकडे बघत नव्हती. चुलीपाशी मी मदतीला गेले की परातच उचलून बाजूला घ्यायची. तुम्ही आलात त्या संध्याकाळी तिनं तुम्हाला पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, मी उद्या मॅनेजरांकडे जाते, सांगते की ते वाक्य मी लिहून घेतलं, मुलीचा त्यात दोष नाही.

“बाई, तुमी जाऊ नका,” बाबा म्हणाले. “तुमी गेल्या तर पोरीनं दुसऱ्याचं लिवलं असं होईल. तिनं लिवलंय ते खोटं नाय. पन आमाला आदी सांगायला पायजे होतं.”

तुम्ही पदर सावरून उठलात आणि शेवटची एसटी गाठायला निघालात. मी तुमच्यासोबत फाट्यापर्यंत आले.

पुढे भाताची कापणी चालू असताना बाबांना परत बोलावलं, त्याच गेटवर. त्यांनीच एकदा जेवताना सांगितलं की बोटं गेली त्या एका यंत्राला जाळी बसली, बाकीची तशीच आहेत. माझ्या वाचनामुळे की आणखी कशामुळे, हे कोणी सांगितलं नाही. तुम्हाला मी ही बातमी दिली तेव्हा तुम्ही फक्त विचारलंत, बाबा बरे आहेत ना?

म्हणून मी केलेला बदल असा, की मुलं घरच्यांबद्दल लिहितात तेव्हा ते वाक्य आधी घरी वाचून दाखवायला सांगते. यंदा कोंडाण्याच्या एका मुलीनं पर्यटनावर लिहिलं. तिची आई रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तिचं वाक्य होतं, ‘रिसॉर्टमुळे गावात काम आलं, पण उन्हाळ्यात कधी कधी आमच्या विहिरीचं पाणी त्यांच्या पोहण्याच्या तलावात जातं, म्हणून याला गावाचा विकास म्हणता येणार नाही.’ मी तिला घरी पाठवलं आणि त्या दिवशी माझं शिकवण्यात लक्ष लागेना. आईनं घाबरून सगळं खोडायला लावलं तर? आणि नाही लावलं, तर? दुसऱ्या दिवशी मुलगी आली ती कागद पुढे करूनच. ‘कधी कधी’ हे दोन शब्द खोडलेले. “आई म्हनली, असं कशाला लिवलंस गं, रोजच तर जातं.” मी तिला विचारलं, आईला कामाची भीती नाही वाटत? ती म्हणाली, वाटते, पण आई म्हणाली लिही.

निबंध पुढच्या आठवड्यात स्पर्धेला जाईल. काय होईल मला माहीत नाही, आणि या वेळी वाक्य ठेवायला सांगणाऱ्यांत मीही आहे.

बाबा आता थकले आहेत, माझ्याकडेच असतात. त्या स्पर्धेच्या वेळी मी आधी त्यांना वाचून दाखवलं असतं, तर त्यांनी ते वाक्य ठेवू दिलं असतं का, हे त्यांना विचारता येईल. ते पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकताहेत. मी अजून विचारलेलं नाही, बाई. ते नाही म्हणतील, याची मला भीती वाटते.