डावीकडची पिशवी

वाशी,
१८ नोव्हेंबर १९९८

प्रिय ऋषी,

तुझा फोन आला तेव्हा अभिराम शेजारीच बसला होता, म्हणून 'सगळं ठीक' म्हणाले आणि फोन ठेवला. ठीक काहीच नाही रे. पत्रात तरी भावाला खरं लिहिते.

सिंगापूरला परत जाताना तू आम्हाला देऊन गेलास ती गाडी अजून तुर्भ्याला मानसिंगच्या गॅरेजमध्येच आहे. पत्र्याचं काम केव्हाच झालं, रंगही झाला. अडलंय ते एअरबॅगवरून. मला वाटायचं, फुगलेली पिशवी काढायची आणि नवी बसवायची. तसं नसतं म्हणे. एकदा उघडलेली पिशवी पुन्हा घडी घालून चालत नाही, आणि तिच्याबरोबर पुढचे सेन्सर, स्टिअरिंगमागची वायरची गुंडाळी, गिअरजवळची एक डबी, सगळंच बदलावं लागतं. त्या डबीत अपघात नोंदला गेला की ती कायमची बाद. यातलं इथं काही मिळत नाही. बाहेरून मागवायचं, वर कस्टमची ड्यूटी. विमावाल्यांनी हात वर केले. गाडी विकून येतील त्याहून जास्त पैसे नुसत्या या कामाला लागतील. मानसिंग मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाभी, साहेबांना समजवा. गाडी भंगारात द्या." दिघ्याच्या एका मेकॅनिकनं तर सरळ सांगितलं की रिकामं झाकण चिकटवतो, एअरबॅगच्या लाल दिव्याची वायर तोडतो, कोणाला कळणार पण नाही. अभिराम तडक बाहेर पडला आणि रिक्षात जाऊन बसला.

पिशवीनं त्याला वाचवलं म्हणून हा हट्ट असेल, असं मी समजत होते. मग एकदा त्याच्याबरोबर गॅरेजात गेले. तो स्टिअरिंगचं विचारतच नव्हता. डाव्या बाजूला पिशवी बसव, म्हणत होता. मानसिंग म्हणाला, "साहेब, या गाडीत डावीकडं जागाच नाही ठेवली कंपनीनं. त्याला डॅशबोर्डच वेगळा लागतो." तर डॅशबोर्ड बदल, म्हणाला. वायरिंग बदल. काय लागेल ते बदल. मानसिंग नुसता हात पुसत राहिला.

ईश्वरी जाऊन आठ महिने होत आले. परीक्षेला सोडायला तो लेकीला घेऊन निघाला आणि मार्केटकडे वळणारा कांद्याचा ट्रक पुढ्यात थांबला, एवढंच तुला सांगितलं होतं. अभिरामचं नाक खरचटलं, मनगटं भाजल्यासारखी लाल झाली, बाकी काही नाही. डावीकडे, ती बसली होती तिथं, मात्र ट्रकचा मागचा कोपराच आत आला. तिथं पिशवी असती तरी उपयोग नव्हता, हे डॉक्टरांनी सांगितलं, मानसिंगनंही सांगितलं. तो ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. तू गाडी दिलीस म्हणून स्वतःला लावून घेऊ नकोस, ते तर माझ्या मनातही आलं नाही.

घरात तिचं नाव निघत नाही, पिशवीचं निघतं. जेवताना निघतं. तिचे कपडे मी उन्हात घातले त्या दिवशी तो कुठल्याशा कॅटलॉगची झेरॉक्स घेऊन आला, "हा बघ पार्ट नंबर" म्हणाला. मी बघितला. मला रडायचं होतं, पण दोघं एकदम कोसळलो तर उचलणार कोण? तिच्या आर्किटेक्चरसाठी ठेवलेली ठेव त्यानं यासाठी मोडायला काढली, तेव्हाही मी मुकाट्यानं सही केली.

परवा चहा घेताना तो अगदी शांतपणे म्हणाला, "दोन्ही बाजू झाल्या की मी सुटलो." कशातून, हे विचारायचा मला धीर झाला नाही. रविवारी तो तुला फोन करणार आहे, डाव्या बाजूचं सगळं सामान तिकडून पाठव म्हणून. त्याला नाही म्हणू नकोस, ऋषी. शोधतोय म्हण, वेळ लागेल म्हण. पण पाठवू नकोस. त्या सामानाची वाट बघत तो सकाळी उठतो, दाढी करतो, तुर्भ्याला जातो. ते आलं आणि गाडी पुरी झाली, तर तो काय करील याची मला भीती वाटते. रजा मिळाली तर तूच ये. मला एकटीला त्याच्यावर नजर ठेवणं आता झेपत नाही.

तुझीच,
सुचित्राताई